रामजी बिन लक्ष्मण, लक्ष्मण बिन रामजी: वडीगोद्रीतून पूर्वज शोधताना

वडीगोद्री हे नाव तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. जून २०२४ मध्ये ओबीसी आरक्षण वाचवण्यासाठी इथे उपोषण झालं. मराठा आंदोलनाचं अंतरवाली सराटीही जवळच. आरक्षणाच्या वादात आज इथे मी शिरत नाही. पण सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात घरोघरी एकच प्रश्न आला: पणजोबांचं नाव कुठल्या कागदात आहे? हा प्रश्न संशोधनपद्धतीचाही आहे, म्हणून त्याबद्दल लिहितोय.

आधी पत्ता नीट करा. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्याआधी अंबड तालुका औरंगाबाद जिल्ह्यात, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. म्हणजे जुना कागद 'जालना' म्हणून शोधलात तर हात हलवत परत याल.

मग साल. निजामाच्या दप्तरात फसली सन असतो. त्यात ५९० मिळवा: फसली १३४० म्हणजे ऑक्टोबर १९३० पासूनचं वर्ष. जानेवारी किंवा त्यानंतरच्या महिन्यांतली नोंद असेल तर ५९१. एवढ्याशा हिशेबावरून लोक जन्मसालं चुकवतात.

खरी गंमत लिपीत आहे. १८८४ मध्ये हैदराबाद दरबाराने फारसीऐवजी उर्दू आणली. गावपातळीवर मोडी होतीच. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, आणि 'ण' व 'ळ' यांना वेगळी अक्षरं नाहीत. त्यामुळे गुणाजी आणि गणाजी कागदावर एकसारखे दिसतात, काळे आणि काले यांत फरक उरत नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. तेव्हा वाचकाने दिलेलं लिप्यंतर हा पुरावा समजू नका, ते एक मत आहे. मूळ पानाचा फोटो जवळ ठेवाच.

आता नावं. आपल्याकडे वारलेल्या आजोबांचं नाव नातवाला ठेवायची चाल बऱ्याच घरांत आहे. म्हणून समजा 'रामजी बिन लक्ष्मण' सापडला, आणि दुसऱ्या पानावर 'लक्ष्मण बिन रामजी'. कोण बाप, कोण मुलगा? की मधल्या दोन पिढ्या तुम्ही एकात दाबल्या? नुसत्या नावावर हे सुटत नाही. सर्व्हे नंबर, भावांची नावं आणि साल सोबत जुळायला हवं. त्यात आधीची मुलं दगावली असतील तर पुढच्याचं नाव दगडू किंवा धोंडू, म्हणजे दृष्ट लागू नये. पाळण्यातलं नाव वेगळं, शाळेतलं वेगळं. आडनावाचंही तसंच: वतन असलेली भावकी 'पाटील' लावते, दुसरी जुनं आडनाव चालवते, आणि तीन पिढ्यांनी दोघं एकमेकांना परके.

असा गोंधळ फक्त आपलाच नाही. कॅनडातल्या फ्रेंच घराण्यांत आडनावापुढे 'दि' लावून दुसरं नाव जोडायची रीत होती, बऱ्याचदा सैन्यातलं टोपणनाव. पुढे एका फांदीने पहिलं ठेवलं, दुसरीने टोपणनाव. मात्र तिथल्या चर्चच्या लग्ननोंदीत बाईचं माहेरचं नाव आणि सहसा तिच्या आईवडिलांची नावंही लिहिलेली असतात. आपल्या कागदात ती 'गंगाबाई कोम रामजी'. कोम म्हणजे बायको, माहेर गायब. लग्नात नावही बदललं असेल तर ती दुहेरी पुसली गेली. मला आपल्या वंशावळींची सर्वात मोठी उणीव हीच वाटते. जात पडताळणीची वंशावळही बापाच्या बाजूने चालते, म्हणून तिला शोधायची कुणाला घाईही नसते.

तिला शोधायचं तर वारसाचे फेरफार बघा. बाप वारला की मुलींची, विधवेची नावं तिथे येऊ शकतात, विशेषतः १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर. त्याआधी १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक काढा. मराठवाड्यात जमिनीचा माग बहुधा तिथून धरतात. कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, जन्म-मृत्यू आहेत, पण बाळाचं नाव नसून नुसतं 'मुलगा' असं बरेचदा भेटतं. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा सोपा. त्यातली जन्मतारीख मात्र अंदाजाने टाकलेली असू शकते.

आणि नाशिक-त्र्यंबकला जाणार असाल तर तीर्थोपाध्यायांच्या वह्या विचारा. तिथे गाव आणि आडनावावरून घराणं निघतं, आणि नावं खुद्द यजमानाने सांगितलेली असतात. जाताना आजीला तिच्या आईचं माहेरचं गाव विचारून जा. कुठली वही उघडायची हे त्यावर ठरतं.