चेकिंग खात्यावरचं व्याज: एक बंदी आणि तिच्या पळवाटा

अमेरिकेतून ऐकणारे श्रोते मला एक प्रश्न हमखास विचारतात: "जास्त व्याज देणारं चेकिंग अकाउंट कुठलं घ्यावं?" मी आज बँकेचं नाव सांगणार नाही. पण या प्रश्नामागे पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो ऐकलात की बँक तुम्हाला स्वतः निवडता येईल.

चेकिंग अकाउंट म्हणजे रोजच्या व्यवहाराचं खातं. पगार तिथे येतो, भाडं आणि बिलं तिथून जातात. भारतात नोकरदार माणूस हे सगळं बचत खात्यातूनच करतो, त्यामुळे त्यावर थोडंफार व्याज मिळणं आपल्याला साहजिक वाटतं. अमेरिकेत मात्र ही दोन खाती वेगळी, आणि चेकिंगवर व्याज द्यायला चक्क कायद्याने बंदी होती.

ही बंदी आली 1933 च्या बँकिंग कायद्यात. महामंदीत हजारो बँका बुडाल्या होत्या. गावोगावच्या छोट्या बँका व्याजासाठी आपला पैसा न्यूयॉर्कच्या मोठ्या बँकांत ठेवत आणि तिथून तो शेअर बाजारातल्या सटोडियांना कर्जाऊ जाई, असा आरोप होता. व्याजाची चढाओढच थांबवा, म्हणजे बँका नको ती जोखीम घेणार नाहीत, असा विचार झाला. त्याच कायद्याने ठेवींना विमा दिला. 1 जानेवारी 1934 पासून, सुरुवातीला 2,500 डॉलरपर्यंत. विम्याचा हप्ता बँकांनी भरायचा होता. वाचलेल्या व्याजातून तो निघेल, हाही हिशोब त्यात होता.

मग चढाओढ थांबली का? छे! तिने फक्त रूप बदललं. पैशात व्याज देता येत नाही, तर वस्तूत द्या. फुकट चेकबुक, जवळ शाखा, नवीन खातं उघडलं की घरी न्यायला भांडी किंवा टोस्टर. बँक आणि टोस्टर हा अमेरिकेत विनोदाचा विषय झाला तो यातूनच.

बंदीला खरं भगदाड पाडलं मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावच्या कन्झ्युमर्स सेव्हिंग्ज बँकेने. तिचे अध्यक्ष रोनाल्ड हॅसेल्टन यांचं म्हणणं साधं होतं. बचत खात्यावर व्याज चालतं ना? मग त्याच खात्यातून पैसे काढायच्या चिठ्ठीवर ग्राहकाने दुसऱ्याचं नाव लिहिलं तर काय बिघडलं? दिसायला चेक, कायद्याने बचत खात्यातली उचल! 1970 मध्ये परवानगी मागितली, ती नाकारली गेली. बँक कोर्टात गेली आणि 1972 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकली. या चिठ्ठीचं नाव 'निगोशिएबल ऑर्डर ऑफ विथड्रॉवल', म्हणून खात्याचं नाव पडलं 'नाऊ अकाउंट'.

पुढे महागाईने उरलेलं काम केलं. 1980 मध्ये अमेरिकेत महागाई साडेतेरा टक्क्यांवर होती. शून्य व्याजाच्या खात्यात पैसा ठेवणं म्हणजे उन्हात बर्फ ठेवणं. त्याच वर्षी कायदा झाला आणि 1981 पासून देशभर नाऊ खाती सुरू झाली, पण व्यक्तींसाठी. कंपन्यांच्या चेकिंग खात्यांवरची बंदी उठायला जुलै 2011 उजाडला. 2008 च्या संकटानंतर आलेल्या डॉड-फ्रँक कायद्याने ती उठवली.

आणि आता तुमच्या खिशाशी संबंध येतो बरं का. याच डॉड-फ्रँक कायद्याने मोठ्या बँकांना डेबिट कार्डमागे दुकानदाराकडून मिळणाऱ्या शुल्कावर मर्यादा घातली. 10 अब्ज डॉलरपेक्षा कमी मालमत्तेच्या बँका आणि क्रेडिट युनियन त्यातून सुटल्या. म्हणूनच घसघशीत व्याजाची चेकिंग खाती बरेचदा छोट्या बँकांत सापडतात, आणि अट असते: महिन्याला दहा-बारा वेळा कार्ड वापरा. तुमच्या व्याजाचा काही भाग त्या कार्डाच्या शुल्कातूनच निघतो.

दुसरी अट रकमेची. समजा, एक खातं पहिल्या 10,000 डॉलरवर 5 टक्के देतं आणि वरच्या रकमेवर 0.1 टक्का. तुमचे 30,000 असतील तर वर्षाचं व्याज 500 अधिक 20, म्हणजे 520 डॉलर. दर पडला जेमतेम पावणेदोन टक्के. सरळ 3 टक्के देणारं साधं खातं 900 देईल. पण शिल्लक 8,000 च असेल तर उलट: पहिलं खातं 400 देईल, दुसरं 240. त्यातही ज्या महिन्यात कार्ड कमी वेळा वापरलं जाईल, त्या महिन्याचं व्याज जवळजवळ गेलंच म्हणून समजा.

दर तोच असतानाही हिशोबाची पद्धत किती फरक पाडते, याचा दाखला भारतात आहे. पूर्वी बचत खात्यावर साडेतीन टक्के मिळत, पण महिन्याच्या 10 तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वात कमी शिलकीवर. वीस तारखेला मोठी रक्कम काढली की महिनाभराच्या व्याजावर पाणी! 1 एप्रिल 2010 पासून रोजच्या शिलकीवर व्याज मोजायला लागले. दर तोच, तरी खातेदाराच्या हातात जास्त पैसे आले. पुढे 25 ऑक्टोबर 2011 ला रिझर्व्ह बँकेने बचत खात्याचे दरही मोकळे केले. चालू खात्यावर मात्र भारतात आजही व्याज नाही.

म्हणून मी श्रोत्यांना सांगतो, दर सर्वात शेवटी बघा. आधी बघा व्याज किती रकमेपर्यंत आहे, अट चुकली तर काय होतं आणि दरमहा शुल्क किती कापतात. आणि विमा आहे ना, याची खात्री करा. तिथे बँकेत प्रत्येक ठेवीदाराला 2,50,000 डॉलरपर्यंत तो मिळतो. मग आपली गेल्या सहा महिन्यांची शिल्लक काढा आणि त्यावर हिशोब मांडा. कागदावर येणारी डॉलरची रक्कम हाच तुमचा खरा दर. भेटू पुढच्या भागात!