सरणी-जोडणी, विषम आकारांची
सरणी-प्रधान संगणकभाषांत वेगवेगळ्या लांबीच्या सरण्या एकापुढे एक लावून एकच सरणी करण्याची क्रिया. केनेथ आयव्हर्सन यांच्या १९६२ मधील ग्रंथातल्या चिन्हलिपीतून एपीएल घडली, १९९० मध्ये त्यांनी व रॉजर हुई यांनी जे ही भाषा रचली (पहा : एपीएल, आव्यूह).

दोन साध्या याद्या जोडताना लांबीचा प्रश्नच येत नाही. तो कोष्टकाला ओळ जोडताना येतो. एपीएल तिथे लांबीची त्रुटी दाखवून थांबते, जे भाषा मात्र उणी जागा शून्याने, अक्षरे असतील तर कोऱ्या जागेने भरते. जे भाषेत एकटा ९ तीन स्तंभांच्या कोष्टकाला जोडल्यास ९ ९ ९ अशी ओळ होते. तोच ९ एकघटकी यादी म्हणून आला तर ९ ० ०.

खामगावच्या बाजारातील कापूस, तूर, सोयाबीन असे तीन स्तंभ धरू. एके दिवशी सोयाबीन आलेच नाही. आवक क्विंटलमध्ये असेल तर भरलेले शून्य खरे; भाव असेल तर खोटे, आणि सरासरी खाली ओढणारे. तूर आली नसेल तर आणखी बिकट : भरणा शेवटी होत असल्याने सोयाबीनचा आकडा तुरीखाली जाऊन बसतो. एपीएलचे दर वेळी अडणे जाचक, हा आक्षेप रास्त आहे. शिवाय जे भाषेत भरणमूल्य स्वतः ठरवता येते. स्तंभ सरकण्यावर मात्र तो उपाय नाही. तिथे एपीएलची अडवणूकच उपयोगी (पहा : गहाळ मूल्य).