‘पेजेंट’ : एका अल्बमचे बाजारातून जाणे

१२ मे २०१७, शुक्रवार. अमेरिकेतील पॉलिव्हिनिल या स्वतंत्र ध्वनिमुद्रण कंपनीने ‘पॉवर बॉटम’ या पंक जोडीचा ‘पेजेंट’ हा दुसरा अल्बम त्या दिवशी बाजारात आणला. कौतुकाची परीक्षणे आधीच छापून आली होती, दौऱ्याच्या तारखा ठरल्या होत्या. पण आठवडा उलटायच्या आत कंपनीने अल्बमची विक्री थांबवली आणि प्रमुख संगीतसेवांवरूनही तो दिसेनासा झाला. पंकच्या इतिहासात बंदी आलेल्या तबकड्या पुष्कळ आहेत. इथे मात्र ना सरकार आडवे आले, ना सेन्सॉर. ज्यांनी अल्बम काढला त्यांनीच तो मागे घेतला, म्हणून हे प्रकरण निराळे.

बेन हॉपकिन्स आणि लिव्ह ब्रूस हे दोघे न्यू यॉर्क राज्यातील बार्ड कॉलेजचे विद्यार्थी. दोघेही स्वतःला स्त्री किंवा पुरुष या चौकटीत बसवत नसत. (इंग्रजी वृत्तपत्रांची अशा व्यक्तींसाठी सर्वनाम वापरताना तारांबळ उडते. मराठीचे आदरार्थी ‘त्यांनी’ इथे फार उपयोगी पडते.) चेहऱ्यावर चमकी, अंगात झगा, हातात कर्कश गिटार असा त्यांचा थाट. पहिला अल्बम ‘अग्ली चेरीज’ २०१५चा. कार्यक्रमाच्या जागी सर्व लिंगांसाठी खुली स्वच्छतागृहे असावीत, असा त्यांचा आग्रह असे. घरात आणि शाळेत ज्यांना जागा नव्हती अशी मुले त्यांच्या मैफलींना येत. ‘इथे तुम्ही सुरक्षित आहात’ हा शब्द या जोडीच्या कलेचाच भाग होता. पुढच्या घटनांची तीव्रता समजायला हे ध्यानात घ्यावे लागते.

१० मे रोजी शिकागोच्या हौशी संगीतवर्तुळातील एका व्यक्तीने फेसबुकवर हॉपकिन्स यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचा जाहीर आरोप केला आणि इतरांना सावध केले. मजकूर वाऱ्यासारखा पसरला. दुसऱ्याच दिवशी जोडीने निवेदन काढले : आरोप आपल्याला अनपेक्षित आहेत, कोणाला काही सांगायचे असल्यास त्यासाठी वेगळा ईमेल पत्ता उघडला आहे. हे निवेदन मला विचित्र वाटते. ज्यांच्याबद्दल तक्रार, त्यांनीच तक्रारपेटी लावायची! मग ‘जेझबेल’ने नाव गुप्त ठेवून एका व्यक्तीची मुलाखत छापली. हॉपकिन्स यांनी नंतरच्या निवेदनात घटनेचे ते वर्णन मान्य केले नाही. न्यायालयात काहीही सिद्ध झालेले नाही, हे नोंदवणे भाग आहे.

तोवर सोबतचे कलाकार दौऱ्यातून बाहेर पडले होते, व्यवस्थापन करणाऱ्या संस्थेने हात काढून घेतला होता आणि दौरा बारगळला होता. पॉलिव्हिनिलने ग्राहकांना पैसे परत देऊ केले आणि लैंगिक अत्याचारपीडितांसाठी काम करणाऱ्या ‘रेन’ व ‘अँटी-व्हायोलन्स प्रोजेक्ट’ या दोन संस्थांना देणगी जाहीर केली.

हार्वी वाइनस्टीन यांच्यावरील बातमी ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने ५ ऑक्टोबर २०१७ रोजी छापली. म्हणजे ‘मी टू’ची लाट उसळण्याच्या जवळजवळ पाच महिने आधीचे हे प्रकरण. म्हणून त्याला लाटेचा परिणाम म्हणता येत नाही. त्याचे मूळ पंकमध्येच शोधावे लागते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘बिकिनी किल’सारख्या बँडनी मुलींना मंचाजवळ पुढे बोलावले आणि मैफलीतल्या धसमुसळेपणाला व अंगचटीला तोंडावर जाब विचारला. ‘रायट गर्ल’ या नावाने ती चळवळ ओळखली जाते. पंकमध्ये ना संघटना, ना तक्रार समिती. सारा कारभार ओळखीवर आणि विश्वासावर चालतो. अशा ठिकाणी धोक्याची सूचना कुजबुजीतूनच फिरते आणि ज्याची ओळख नाही त्या नवख्या मुलापर्यंत ती पोचत नाही. मे २०१७मध्ये ही कुजबूज चारचौघांत आली.

एवढ्या घाईने निकाल लावणे न्याय्य होते का, असे तेव्हाही विचारले गेले. माझ्या मते कंपनीने निकाल दिलाच नव्हता. कोणाचा माल विकायचा हे ठरवण्याचा आपला हक्क तिने वापरला, इतकेच. तुरुंग आणि दुकान यांना पुराव्याची एकच कसोटी लावता येत नाही. मात्र संगीतसेवांवरून अल्बम निघून जाणे मला खटकते. विक्री थांबवणे एक आणि दस्तऐवज नाहीसा होणे दुसरे. पूर्वी कंपनीने तबकडी मागे घेतली तरी विकल्या गेलेल्या प्रती घरोघर राहत, जुन्या बाजारात सापडत. भाड्याने ऐकायच्या संगीताची प्रत श्रोत्याच्या हाती कधी येतच नाही. ‘पेजेंट’च्या बाबतीत ती उरली फक्त ज्यांनी पैसे मोजून तबकडी घेतली होती त्यांच्याकडे. म्हणजे बहुधा त्याच मुलांकडे, ज्यांना त्या आठवड्यात सर्वांत जास्त दुखावले गेल्यासारखे वाटले.