स्पोर्ट्स टूरर की नेकेड?

मोठी मोटारसायकल घेताना बहुतेकांचे लक्ष इंजिनाच्या ताकदीकडे असते. स्पोर्ट्स टूरर आणि नेकेड यांतील खरा फरक मात्र वाऱ्याचा आहे. कावासाकीच्या निन्जा ६५० आणि झेड ६५० या २०१७ मध्ये भारतात आलेल्या गाड्यांचे ६४९ सीसीचे इंजिन एकच. निन्जाला फेअरिंग, म्हणजे पुढचे आवरण, व वारा अडवणारी काच आहे. झेड उघडी आहे.

वेग दुप्पट झाला, की हवेचा रोध चौपट होतो. त्यामुळे ताशी १०० किलोमीटरच्या आसपास उघड्या गाडीवर वारा छातीवर आदळतो, मान व खांदे भरून येतात आणि थकलेल्या चालकाचे लक्ष ढळते. पुणे-बंगळुरूसारख्या महामार्गावर नेहमी लांबचा प्रवास करणाऱ्याने म्हणूनच स्पोर्ट्स टूररचा विचार करावा.

शहरातील कोंडीत या आडोशाचा फारसा उपयोग नाही. तेथे वजनाला थोडी हलकी, रुंद हँडलची नेकेड सोयीची ठरते. गाडी आडवी झाल्यास फेअरिंगच्या दुरुस्तीचा खर्चही वाचतो.

वर्षातून दोन-चार वेळा होणाऱ्या सहलींपेक्षा रोजचा रस्ता पाहून निवड करावी. खरेदीपूर्वी दोन्ही गाड्या शक्यतो महामार्गावर चालवून पाहाव्यात. शोरूमभोवतीच्या फेरीत वारा कळत नाही.