पांढऱ्या पाठीचे गिधाड

पांढऱ्या पाठीचे गिधाड (शास्त्रीय नाव: जिप्स बेंगालेन्सिस) हा दक्षिण व आग्नेय आशियात आढळणारा मोठा शवभक्षक पक्षी आहे. एकेकाळी भारतात सर्वत्र दिसणारी ही प्रजाती पशुवैद्यकीय वापरातील एका वेदनाशामक औषधामुळे नामशेष होण्याच्या मार्गावर आली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने तिचा समावेश २००० साली 'अतिसंकटग्रस्त' वर्गात केला.

वर्णन

या गिधाडाची लांबी ७५ ते ८५ सेंमी असून पंखांचा विस्तार सुमारे २ मीटर असतो. पूर्ण वाढ झालेल्या पक्ष्याचा रंग काळपट असतो. डोके व मान जवळजवळ पिसेविरहित असून मानेच्या तळाशी पांढऱ्या पिसांची झालर असते. पाठीचा खालचा भाग पांढरा असतो. उडताना पंखांखालचा पांढरा पट्टा उठून दिसतो. नर व मादी दिसायला सारखेच असतात. अवयस्क पक्षी तपकिरी असून त्याच्या पाठीवर पांढरा रंग नसतो.

सवयी

ही गिधाडे उष्ण हवेच्या झोतांवर आरूढ होऊन पंख न हलवता आकाशात उंच घिरट्या घालतात आणि तीक्ष्ण दृष्टीने मृत जनावरे हेरतात. एक पक्षी खाली उतरू लागताच दूरवरचे इतर पक्षीही त्याच्यामागे येतात. त्यांचा थवा मोठ्या जनावराचे मांस अल्पावधीत संपवतो.

प्रजनन

वीण साधारणपणे ऑक्टोबर ते मार्च या काळात होते. उंच झाडांवर काटक्यांची घरटी केली जातात. एकाच परिसरात अनेक घरटी असू शकतात. मादी एका हंगामात एकच अंडे घालते. अंडे उबवणे व पिल्लाचे संगोपन ही कामे नर-मादी दोघेही करतात.

ऱ्हास

१९९२ ते २००७ या काळात भारतातील या गिधाडांची संख्या सुमारे ९९.९ टक्क्यांनी घटली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाचा त्याच्याशी असलेला संबंध पाकिस्तानातील संशोधनातून २००४ साली सिद्ध झाला. औषध दिल्यानंतर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस खाल्ल्यास गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते, अंतर्गत अवयवांवर युरिक आम्ल साचते व काही दिवसांत मृत्यू ओढवतो. एकाच शवावर अनेक गिधाडे जमत असल्याने, शंभरांत एकाहूनही कमी शवे विषारी असली तरी एवढी घट होऊ शकते, असे गणिती अभ्यासातून दिसून आले. वर्षाला एकच अंडे घातले जात असल्याने ही हानी भरून निघण्यास दीर्घ काळ लागतो. मुंबईतील पारशी समाजाच्या दोखम्यांतील अंत्यविधीवरही गिधाडांच्या अभावाचा परिणाम झाला.

संवर्धन

भारतात डायक्लोफिनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ साली बंदी आली. मात्र माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात असल्याने २०१५ पासून त्या एका मात्रेपुरत्या मर्यादित करण्यात आल्या. २०२३ साली किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांच्या पशुवैद्यकीय वापरावरही बंदी घालण्यात आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांसाठी सुरक्षित ठरलेले पर्यायी औषध आहे.

हरियाणातील पिंजोर येथे बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी व राज्य वन विभाग यांच्या सहकार्याने प्रजनन केंद्र चालवले जाते. रायगड जिल्ह्यातील चिरगाव (तालुका म्हसळा) येथे या प्रजातीची घरटी आढळतात. २०२४ साली पिंजोर येथील काही गिधाडे महाराष्ट्रातील व्याघ्रप्रकल्पांत आणण्यात आली. मुक्त केलेल्या पक्ष्यांचे अस्तित्व परिसरातील गुरांवर कोणती औषधे वापरली जातात, यावर मुख्यत्वे अवलंबून असते.