साहित्य अकादमीचे पहिले अध्यक्ष : पंतप्रधान की लेखक?

१२ मार्च १९५४. दिल्लीत संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात एका संस्थेचे उद्घाटन झाले. ती संस्था साहित्य अकादमी, आणि तिचे पहिले अध्यक्ष होते देशाचे पंतप्रधान जवाहरलाल नेहरू!

साहित्यसंस्थेच्या शिरोभागी सत्ताधीश? प्रश्न रास्तच आहे.

मुळात अकादमी सरकारी ठरावातूनच जन्मली. असा ठराव भारत सरकारने डिसेंबर १९५२ मध्ये केला. पैसा सरकारचा, कारभार मात्र साहित्यिकांच्या सर्वसाधारण सभेचा, अशी ही रचना. १९५६ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली. उपाध्यक्ष होते तत्त्वज्ञ सर्वपल्ली राधाकृष्णन, सचिव कृष्ण कृपलानी.

नेहरूंना हे पद लेखक म्हणून शोभणारे होते, यात शंका नाही. १९३६ चे आत्मचरित्र त्यांच्या नावावर होते. ‘भारताचा शोध’ हा ग्रंथ तर त्यांनी अहमदनगरच्या किल्ल्यात, बंदिवासात लिहिला. गंमत अशी की, हे सारे लेखन इंग्रजीत. आणि इंग्रजी ही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नव्हती व आजही नाही! तरीही अकादमीने तिला आपल्या भाषांत स्थान दिले. पण इंग्रजीतील पहिला पुरस्कार १९६० साली आर. के. नारायण यांच्या ‘द गाइड’ला मिळाला. मराठीला त्यासाठी थांबावे लागले नाही. १९५५ च्या पहिल्याच पुरस्कारांत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ होता.

एका व्यक्तीच्या दोन पदांतला पेच खुद्द नेहरूंनाही ठाऊक होता. १९६३ मध्ये अध्यक्षपदी फेरनिवड झाल्यावर त्यांनी मिस्कीलपणे सांगितले की, अकादमीचा अध्यक्ष या नात्याने आपल्या कामात पंतप्रधानांनी ढवळाढवळ केलेली आपल्याला आवडणार नाही. विनोद सुरेख होता. मात्र ही मर्यादा पाळली जाणे त्या एकाच माणसाच्या विवेकावर अवलंबून होते, हेही त्यातून उघड होते.

मे १९६४ मध्ये नेहरूंचे निधन झाले. त्यांच्यानंतर अध्यक्ष झाले राधाकृष्णन, जे तेव्हा राष्ट्रपती होते. त्यांच्यामागून आले झाकीर हुसेन, तेही राष्ट्रपतीच. दोघेही विद्वान, परंतु सर्वोच्च शासकीय पद आणि अकादमीचे अध्यक्षपद यांची सांगड कायम राहिली.

१९६९ साली भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी अध्यक्ष झाले, तेव्हा कुठे ती सुटली.