दुसऱ्या पिढीचे इथेनॉल
ऊस-धान्याच्या खाण्यायोग्य भागाऐवजी पाचट, चिपाड, कणसाची बुरकुंडे, भाताचे तूस अशा अवशेषांपासून केलेले इंधन. पुणे-सोलापूर महामार्गावरील दौंड तालुक्यात उसाची कमतरता नाही. गुऱ्हाळाच्या चुलाणात चिपाड जळते, तोडणीनंतर फडातले पाचट पेटवले जाते. याच तालुक्यात राहू येथे पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने उभारलेल्या प्रात्यक्षिक प्रकल्पाचे उद्घाटन मे २०१७ मध्ये नितीन गडकरी यांच्या हस्ते झाले. वार्षिक क्षमता १० लाख लिटर.

मळीतली साखर यीस्ट थेट आंबवते. पाचटातली साखर मात्र सेल्युलोजच्या साखळ्यांत अडकलेली असते आणि तिला लिग्निनचे कवच असते. म्हणून आधी उष्णता व रसायनांनी कवच सैल करायचे, मग विकरांनी साखळ्या तोडायच्या, नंतर आंबवायचे. खर्च वाढतो तो इथेच. प्रयोगशाळेत जमलेले तंत्र बाजारात उतरेपर्यंतचा हा टप्पा एकट्या उद्योजकाला पेलत नाही. सरकारची खरी गरज याच टप्प्यावर असते.

राष्ट्रीय जैवइंधन धोरण २०१८ मध्ये आले. २०१९ च्या ‘पंतप्रधान जी-वन’ योजनेत अशा इथेनॉलसाठी १,९६९.५० कोटी रुपयांची तरतूद झाली. व्यापारी प्रकल्पांबरोबर प्रात्यक्षिक प्रकल्पांनाही तिने साहाय्य देऊ केले, हे तिचे मोठेपण. प्राजचेच तंत्रज्ञान वापरणारा इंडियन ऑइलचा पानिपत प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. वर्षाला सुमारे २ लाख टन भाताच्या पेंढ्यापासून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल, अशी त्याची क्षमता आहे.